निकालानंतरचा दीड महिना

१ मेला झेंडावंदन होते, गुरुजी हातात निकालपत्रक ठेवतात आणि सातारा-सांगलीकडची पोरे जूनच्या मध्यापर्यंत घरची होतात. मग घराघरांत दोनच मते ऐकू येतात. पहिले आजी-आजोबांचे: वर्षभर पोर दमलंय, आता त्याच्यापुढे पुस्तकाचं नाव काढू नका. दुसरे, शेजारच्या मुलाने कुठला क्लास लावला याची खडान् खडा माहिती असलेल्या आईबापांचे: स्कॉलरशिप, नवोदय, सैनिक स्कूल, यातल्या एकाची तरी तयारी याच सुट्टीत सुरू झाली पाहिजे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. जिल्ह्याचे नवोदय विद्यालय खावलीला आणि सांगलीचे पलूसला आहे. त्यामुळे या प्रवेश परीक्षा इकडच्या माणसाला परक्या वाटत नाहीत आणि उन्हाळी बॅचचे फलक तालुक्याच्या गावात निकालाची वाट पाहत थांबत नाहीत. ही दोन्ही मते एकमेकांशी भांडत असली तरी त्यांचे गृहीत एकच आहे. शिकणे म्हणजे धडा, गाईड आणि सराव-प्रश्नपत्रिका. ते एक तर चालू ठेवायचे, नाहीतर बंद करायचे.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांना हे गृहीत फार काळ जपता येत नाही. अशी कुटुंबे महाराष्ट्रात थोडी आहेत आणि कायद्याच्या दृष्टीने ती जरा अवघडलेलीच आहेत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १०व्या कलमाने ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले, पण दाखल न करणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा सांगितली नाही. त्या मोकळ्या जागेत होमस्कूलिंग उभे आहे. परीक्षेपुरत्या वाटा आहेत: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावीच्या पातळीच्या परीक्षा, आणि दहावीला बाहेरून बसणाऱ्यांचा तो जुना सतरा नंबरचा फॉर्म. पण इथे कायद्यापेक्षा एका साध्या प्रश्नाशी काम आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला सुट्टी लागते तरी कधी? घंटा नाही, हजेरी नाही, निकाल नाही. मे महिन्यात त्या घराने काय बंद करायचे आणि काय चालू ठेवायचे? नीट पाहिले तर उन्हाळ्यातले सहा आठवडे प्रत्येक घर याच अवस्थेत असते, फक्त तसे कुणी म्हणत नाही. म्हणून मूठभर कुटुंबांचा हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरालाही लागू पडतो.

माझे म्हणणे असे की सुट्टीत वेळापत्रक खुशाल सैल सोडावे, सोबत मात्र सोडू नये. मुलाने कधी उठावे, आज काय करावे, कशात रमावे हे बव्हंशी त्याच्यावर सोपवता येते. पण दिवसातून एकदा कुणीतरी मोठ्याने त्याच्याजवळ बसून, त्याने जे केले ते त्याच्या तोंडून ऐकले पाहिजे आणि त्यातले थोडे कागदावर उतरवून घेतले पाहिजे. एवढ्यावर बाकीची ढिलाई पेलते. हे नसेल तर ‘मोकळे सोडले’ या शब्दांचा अर्थ फक्त ‘दुर्लक्ष केले’ एवढाच उरतो.

सुट्टीत मुले शिकलेले विसरतात का, हे आधी पाहू, कारण क्लासवाल्यांची सगळी भिस्त या भीतीवर आहे. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तोवरच्या ३९ अभ्यासांचा धांडोळा घेतला आणि निष्कर्ष काढला की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले सरासरी महिन्याभराचे शिक्षण गमावतात. वाचनापेक्षा गणितात जास्त, आणि त्यातही आकडेमोड व स्पेलिंग यांत सर्वाधिक. पुढे बाल्टिमोरमधल्या मुलांचा १९८२ पासून वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या संशोधकांनी २००७ साली सांगितले की नववीत दिसणाऱ्या गरीब-श्रीमंत मुलांच्या वाचनातल्या दरीचा दोन तृतीयांश भाग प्राथमिक वर्षांतल्या उन्हाळ्यांनी पाडलेला असतो. हे वाक्य जगभर फिरले. पण २०१९ साली पॉल फॉन हिप्पेल यांनी त्याच आकड्यांकडे पुन्हा पाहून शंका काढली. सुट्टीआधीची चाचणी एका इयत्तेची, सुट्टीनंतरची वरच्या इयत्तेची. गुण मोजण्याची पट्टीही अशी की इयत्ता वाढली की दरी आपोआप रुंद दिसावी. नव्या पद्धतीच्या चाचण्यांत तसा ठाम निष्कर्ष निघत नाही.

मग कुणावर विश्वास ठेवायचा? दोन्ही बाजू वाचल्यावर एवढे हाती लागते: सुट्टीत शिकण्याचा वेग मंदावतो, यावर फारसा वाद नाही; विसरण्याचे प्रमाण किती, यावर आहे. म्हणजे दोन महिने क्लास बुडाला तर वर्ष वाया गेले, ही भीती निराधार आहे. पण काहीच न करता सगळे आपोआप टिकते, या भ्रमालाही जागा नाही. आपल्याकडे हा भ्रम करोनाच्या काळाने पुरता पुसला. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या पाहणीत पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधली १६ हजारांवर मुले तपासली गेली. त्यांतल्या ९२ टक्के मुलांनी भाषेतले आणि ८२ टक्के मुलांनी गणितातले, आदल्या वर्षी येत असलेले निदान एक कौशल्य गमावले होते. अर्थात ते वर्षभराचे कुलूप होते, दीड महिन्याची सुट्टी नव्हती. ते आकडे मे महिन्याला जसेच्या तसे चिकटवणे हा कांगावा ठरेल. दिशा मात्र कळते. जे वापरात राहत नाही ते हातचे जाते, आणि लहान वयात आकडेमोड फार लवकर जाते.

यावर मोकळ्या शिक्षणाचे समर्थक म्हणतील, व्यवहारातच शिकू द्या की! बाजारात जाऊ द्या, शेतात जाऊ द्या, मूल आपोआप हिशोब शिकेल. या मताबद्दल मला आपुलकी आहे, पण पुरावा त्याला अर्धीच साथ देतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी बोलताना या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते कागदावर मांडून दिल्यावर ३७ टक्क्यांच्या आसपास. चाळीस वर्षांनी, २०२५ साली, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर तसेच काम ‘नेचर’मध्ये मांडले. बाजारातली मुले तोंडी हिशोबात तरबेज, पण वहीतल्या भागाकारात अडखळणारी. शाळेतली मुले वहीत ठीक, पण बाजारातल्या सोप्या व्यवहारात गोंधळलेली. एकीकडचे ज्ञान दुसरीकडे आपोआप जात नाही. मधे पूल लागतो, आणि तो बांधायला शेजारी बसलेला माणूस लागतो. सोबत सोडू नये म्हणतो ती यासाठी.

सातारा-सांगलीत असा पूल बांधायला उन्हाळ्याइतका चांगला हंगाम नाही. माण-खटाव-कोरेगाव या दुष्काळी पट्ट्यात ‘पाणी फाउंडेशन’ने २०१६ साली गावागावांतली जलसंधारणाची ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू केली तेव्हा निवडलेल्या पहिल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता, आणि पहिला नंबर काढला त्याच तालुक्यातल्या वेळू गावाने. २०१८ साली ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवस स्पर्धा झाली. तेव्हा पहिले आले माण तालुक्यातले टाकेवाडी. म्हणजे ऐन सुट्टीत, उन्हं चढायच्या आत किंवा उतरल्यावर, माणसे टिकाव-फावडे घेऊन डोंगरावर. या कामाला कुणी शाळा म्हटले नाही. पण समतल चर आखण्याचे काम जवळून पाहावे. चर उताराला आडवा आणि सगळीकडे एकाच पातळीवर असावा लागतो, नाहीतर पाणी मुरण्याऐवजी एका टोकाला पळते आणि बांध फोडते. ही पातळी हायड्रोमार्करने काढतात. दोन काठ्या, दोन्हींवर सारख्या खुणा, आणि दोन्हींना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक माणूस एका जागी काठी उभी धरतो, दुसरा उतारावर वर-खाली सरकत राहतो. दोन्हीकडचे पाणी एकाच खुणेवर आले की दोन्ही ठिकाणे समान उंचीवर. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचे.

दहा वर्षांच्या मुलाला हे हातात दिले की तो अर्ध्या तासात तरबेज होतो. पण तेवढ्यावर सोडले तर ते रेसिफेच्या नारळांसारखेच राहते. त्याच संध्याकाळी कुणी विचारले की चर १० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल खणला तर एकदा भरल्यावर पाणी किती मावेल, तर मूल बोटाने हवेत चर काढते, मग वही ओढते, मीटर-सेंटिमीटरची गफलत करते, पुसते आणि १.८ घनमीटर म्हणजे १८०० लिटरवर येते. घरातल्या पिंपाशी ते ताडून पाहते. पुस्तकातले इष्टिकाचितीचे घनफळ हेच आहे, फक्त इथे त्याला उतार, ढेकळे आणि कारण आहे. ही विचारपूस पंधरा-वीस मिनिटांची. उरलेला दिवस पोर विहिरीवर पोहत असो की चिंचेखाली झोपलेले असो, कुणाचे काही बिघडत नाही.

सांगलीच्या पूर्व भागात हेच काम बेदाणा करतो. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात द्राक्षाचा हंगाम सरत आला की शेडमधल्या जाळ्यांवर मणी वाळत पडतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि वाळायला पंधरवडा लागतो. वजनकाट्याशी बसलेल्या मुलाला यात गुणोत्तर आहे, टक्केवारी आहे, आणि हवा दमट झाली तर दिवस का वाढतात हा विज्ञानाचा प्रश्न आहे. सौद्याच्या दिवशी एकाच बागेच्या मालाला रंगावरून वेगळा दर का निघाला, हे घरी येऊन बापाला विचारण्यासारखे आहे. रोज किती क्रेट आले, किती वजन भरले, आज कालपेक्षा माल हलका का लागला, असे चार ओळींचे टिपण मुलाने पंधरा दिवस ठेवले तर ते कुठल्याही ‘उन्हाळी अभ्यास पुस्तिके’पेक्षा सरस. त्या पुस्तिका मुले १३ आणि १४ जूनला भरतात, हे सगळ्या शिक्षकांना माहीत असते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. शेतकऱ्याच्या पोराने सुट्टीत काम करावे हे शिक्षणाच्या नावाखाली सांगणे म्हणजे बालमजुरीला सोवळे नेसवणे नव्हे काय? बालमजुरी कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांच्या नोकरीवर सरसकट बंदी घातली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करायला मोकळीक ठेवली. तेव्हाही बालहक्कांसाठी काम करणाऱ्यांनी याच फटीवर बोट ठेवले होते. मला त्यांचे पटते. फरक कामाच्या नावावरून कळत नाही. ते कुणाच्या गरजेने चालले आहे आणि मूल ते सोडून उठू शकते का, यावरून कळतो. द्राक्षे ज्या द्रावणात बुडवतात त्याच्या टाकीजवळ आणि गंधकाची धुरी देतात त्या खोलीत मुलाचे काहीच काम नाही. काट्याशी आणि वहीशी आहे, तेही तासाभरापुरते. मुलींच्या बाबतीत तर जास्तच सावध राहिले पाहिजे. मुलगा वजने लिहितो आणि मुलगी त्याच वेळी भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते, असे असेल तर ‘घरकामातून शिक्षण’ हे शब्द तोंडात न घेतलेले बरे.

वाचनाच्या बाबतीत वाट तुलनेने सरळ आहे. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमधला प्रयोग मांडला: दर उन्हाळ्याला प्रत्येक मुलाला त्याने स्वतः निवडलेली बारा पुस्तके फुकट द्यायची, सलग तीन उन्हाळे. ना प्रश्नोत्तरे, ना चाचणी. तीन वर्षांनी त्या मुलांचे वाचन इतरांपेक्षा मोजण्याइतके पुढे होते, आणि हा फायदा उन्हाळी वर्गांतून मिळणाऱ्या फायद्याच्या तोडीचा होता. यातला कळीचा भाग निवडीचा आहे. आपल्याकडे मुलासाठी पुस्तक मोठे माणूस निवडते आणि ते बहुधा थोर पुरुषाचे चरित्र असते. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर भिलारला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले, तेव्हा २५ ठिकाणी, घरांत नि देवळांत मिळून सुमारे १५ हजार मराठी पुस्तके मांडली गेली. कुणीही जावे, हवे ते उचलावे, बसून वाचावे. मुलाला निवड करू देण्याची याहून सुंदर सोय महाराष्ट्रात क्वचित असेल. अडचण एवढीच की पुस्तक तिथेच ठेवून यावे लागते आणि जतच्या पोराला भिलार लांब पडते. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. त्यांनी मेमध्ये मुलांचे कपाट उघडे ठेवले आणि अनामत मागितली नाही, तर अ‍ॅलिंग्टनचा प्रयोग एका तालुक्याला फारसा महाग पडणार नाही.

मोबाइलचे काय, असा प्रश्न कुणी तरी विचारणारच. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने याला २०२२ च्या ऑगस्टपासून एक गावठी उत्तर काढले. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले वाचत-लिहीत बसतात. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून समजावत होते. वरवर पाहता हे माझ्या म्हणण्याविरुद्ध जाते, कारण भोंगा ही सैल वेळापत्रकाची खूण नव्हे. मला मात्र त्यातले वेगळेच मोलाचे वाटते. त्या दीड तासात घरातल्या मोठ्यांचाही पडदा बंद असतो. मालिका चालू ठेवून पोराला ‘वाच’ म्हणणाऱ्या घरात पोर वाचत नाही, हे सांगायला संशोधन लागत नाही. दिवसातला एक तुकडा सगळ्या घराने असा बांधून घेतला तर उरलेला दिवस सोडायला भीती वाटत नाही.

सगळ्यात जड आक्षेप इतिहासाचा आहे. हा साताऱ्याचा मुलूख घरातून मुले बाहेर काढून शाळेत नेणाऱ्यांचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली आणि सगळ्या जातीपातींची पोरे एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवली. डॉ. आंबेडकरांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्याच सरकारी शाळेत दाखल झाले. ज्यांना शाळेचे दार मोठ्या कष्टाने उघडून मिळाले, त्यांना ‘घरी शिका’ हा सल्ला ऐकायला कडू लागणारच. शाळेत जाऊ दिले जात नाही म्हणून घरी शिकणे आणि शाळा दारात असताना ती नाकारणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई जोतीरावांकडून घरी शिकल्या, कारण त्यांच्यासाठी शाळाच नव्हती. आणि शिकल्यावर त्यांनी पहिले काम केले ते मुलींची शाळा चालवण्याचे. म्हणून गृहशिक्षणाचा सरसकट प्रचार मी करणार नाही. बारावीचे प्रमाणपत्र नसताना, ऑलिंपियाडच्या पदकांवर २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटीत गेलेल्या मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण सारखे दिले जाते. ते खरे आहे, पण त्यावर जिल्ह्याचे धोरण बेतता येत नाही.

तरीही शाळेबाहेरच्या शिकण्याची परंपरा याच मुलखात आहे आणि ती ऐऱ्यागैऱ्यांची नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी कुठल्याही इंग्रजी शाळेत गेले नव्हते. त्यांना इंग्रजीची गोडी लावली ती तिथेच वेदान्त शिकायला आलेल्या तरुण विनोबांनी. पुढे लक्ष्मणशास्त्रीच वाईत बसून मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. आणि फलटणला अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी शाळेतून गळालेल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी केली. १९८६ साली तिथेच कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा निघाली. दोन्हीकडे शिकवणारे माणूस शिकणाऱ्याच्या जवळ, एका हाताच्या अंतरावर होते.

आता राहिला व्यवहाराचा प्रश्न. आई रोजंदारीवर, बाप ट्रॅक्टरवर, दोघांचे शिक्षण सातवीपर्यंत. सोबत करणार कोण? याचे एक उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारी अभियान चालते. पहिलीत जाणाऱ्या मुलांचा उन्हाळ्याच्या तोंडाशी एक मेळावा होतो, जूनमध्ये दुसरा, आणि मधल्या आठवड्यांत वस्तीवरच्या आयांचे गट जमून आयडिया कार्डांवरच्या कृती घरातल्याच वस्तूंनी करून घेतात. डाळी निवडून वेगळ्या करणे, पाने मोजणे, गोष्ट सांगणे. आई शिकलेली असण्याची अट नाही. तिने विचारायचे आणि ऐकायचे. (‘माता गट’ या नावातच बाप सुटला, ही आपल्या योजनांची जुनी खोड.) आज हा उपक्रम पहिलीच्या उंबऱ्याशी थांबतो. तो तिसरी-चौथीपर्यंत न्यायचा तर नवी इमारत लागत नाही, नवा शिक्षक लागत नाही. लागतील ती गणित-वाचनाची आणखी काही कार्डे, आणि माणमध्ये चराच्या फक्कीवरून, तासगावात बेदाण्याच्या काट्यावरून प्रश्न काढणारे दोन-चार शिक्षक. कार्डे त्या त्या तालुक्यातच लिहिली जावीत. पुण्याहून छापून आली तर जतच्या पोरापुढे पुन्हा स्ट्रॉबेरी मोजायचे गणित येईल.